बिया बंद करू नका, त्यांची जागा बदला: दत्तक पोपटाचं खाणं सुधारताना

दत्तक पोपट घरी आल्यावर पहिला आठवडाभर तरी त्याच्या खाण्यात काहीही सुधारणा करू नका. हे ऐकून काहींचा हिरमोड होतो, कारण पिंजरा दारात यायच्या आधीच त्यांनी गाजरं किसून ठेवलेली असतात. पण त्या जिवाचं घर बदललंय, माणसं बदललीत, दिवे मालवायची वेळसुद्धा बदललीय. ओळखीचं म्हणावं असं एकच उरलंय, वाटीतलं खाणं. तेही काढून घेतलं तर तो उपाशी बसून राहील आणि पोपटाला उपास झेपत नाही. बजरीगार, कोकाटील अशा लहान पक्ष्यांच्या तर एका दिवसाचा उपासही जिवावर बेतू शकतो.

त्यामुळे आधीच्या माणसांना खोदून खोदून विचारा. नेमकं काय खातो, कितीदा खातो, वाटी वर अडकवलेली असते की तळाशी ठेवलेली, खाताना कुणी शेजारी लागतं का. जमलं तर ती जुनी वाटीच मागून आणा. "सगळं खातो हो" या उत्तरावर मात्र समाधान मानू नका. आमचा तात्या आला तेव्हा तोही "सगळं" खात होता. सगळं म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि बिस्किटं.

तात्या आफ्रिकन ग्रे आहे, अंगाने करडा, शेपटी लालभडक आणि चेहरा कायम निवृत्त मुख्याध्यापकाचा. त्याच्यानंतर आली चिंगी, कोकाटील. दोघंही दुसऱ्यांच्या घरून आलेले, दोघंही निव्वळ बियांवर वाढलेले. दोघांचंही खाणं बदललं, पण रस्ते पार वेगळे निघाले, म्हणून दोघांचंही सांगते.

आधी काटा

पेलेटच्या, म्हणजे पोषक घटक एकत्र करून बनवलेल्या पक्ष्यांच्या तयार गोळ्यांच्या, पिशवीआधी एक वजनकाटा घ्या, एकेक ग्रॅम दाखवणारा. मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते, मोजल्याशिवाय चैन पडत नाही हे खरं. पण इथे तो छंद नाही, गरज आहे. पोपटाच्या अंगावर पिसं इतकी असतात की आतून हाडं वर आली तरी बाहेरून तो गुबगुबीत दिसतो. छातीच्या मधोमध असलेल्या उभ्या हाडाला बोट लावून पाहिलं तर कळतं, पण रोजचे दोन-चार ग्रॅम बोटाला कळत नाहीत.

वजन रोज सकाळी करायचं. रात्रीनंतरची पहिली विष्ठा पडली की, आणि न्याहारीच्या आधी. वेळ पाळायला हवी, कारण भरलेल्या पोटाचा आकडा आणि रिकाम्या पोटाचा आकडा यांची तुलना होत नाही. काट्यावर एक छोटी दांडी ठेवून शून्य करून घ्या आणि पक्ष्याला त्यावर चढवा. चढला की लगेच बक्षीस. चिंगी तर आता काटा दिसला की धावत येते, कारण तिथे राळ्याच्या कणसाचा तुकडा मिळतो हे तिने पक्कं लक्षात ठेवलंय.

डॉक्टरांशी बोलून ठरवलेला माझा नियम असा: पक्षी मुळात जाड नसेल तर वजन तीन टक्क्यांनी उतरलं की बदल तिथेच थांबवायचा आणि जुनं खाणं वाढवायचं. पाच टक्के उतरलं की डॉक्टरांना फोन. दहा टक्के म्हणजे तातडीचा प्रसंग. ४५० ग्रॅमच्या पोपटाचे १३-१४ ग्रॅम गेले की तीन टक्के होतात. ९० ग्रॅमच्या कोकाटीलचे नऊ ग्रॅम गेले तर थेट दहा टक्के गेले! नऊ ग्रॅम म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, म्हणून तर आकडा वहीत लिहायचा.

दुसरी नजर तळाच्या कागदावर. पांढरा साधा कागद घाला, म्हणजे नीट दिसेल. विष्ठेत तीन भाग असतात: घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी. खाणं कमी पडलं की घट्ट भाग बारीक होत जातो, काळपट हिरवा दिसतो आणि एकूण ठिपकेही कमी पडतात. उलट भाज्या-फळं पोटात जायला लागली की पाणी वाढतं. ते जुलाब नव्हेत, घट्ट भागाचा आकार टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे एक फेरी हवीच. पोपट आजार लपवण्यात पटाईत असतो आणि यकृत आधीच दमलेलं असेल तर बदल कुठल्या वेगाने करायचा ते डॉक्टरच ठरवणार. आमच्या डॉक्टरांनी तात्याची चोच उघडून मला टाळूवरची फट दाखवली. तिच्या दोन्ही कडांना बारीक टोकदार काट्यांची झालर असते, मऊ, पण टोकं स्पष्ट दिसतात. तात्याची ती झालर झिजून बोथट झाली होती, काही ठिकाणी तर नव्हतीच. अ जीवनसत्त्व वर्षानुवर्षं कमी पडलं की असं होतं. तोंडाचं, नाकाच्या पोकळ्यांचं, श्वासनलिकेचं आतलं अस्तर जाड आणि कोरडं पडतं आणि मग जंतुसंसर्गाला दार उघडं. तात्याच्या सततच्या शिंकांचं मूळ तिथे होतं.

नुसत्या बियांनी काय होतं

सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये वजनाच्या निम्म्याच्या आसपास चरबीच असते. कॅल्शियम अगदी थोडं, त्यामानाने फॉस्फरस भरपूर, अ जीवनसत्त्व जवळपास नाही. रानातला पोपट दिवसाचे कितीतरी तास खाणं शोधत मैलोनमैल उडतो, त्याला ती चरबी परवडते. दांडीवर बसून वाटी समोर आलेल्याला यकृतावर चरबी चढते, रक्तवाहिन्या कडक होतात. ग्रे जातीत कॅल्शियमची कमतरता विशेष आढळते, आणि ती फार वाढली तर झटके येतात.

मिश्रणाच्या पाकिटावर "जीवनसत्त्वयुक्त" असं छापलेलं असतं. ती जीवनसत्त्वं बऱ्याचदा बियांवर वरून चढवलेली असतात, म्हणजे फोलकटावर. पोपट फोलकट सोलून टाकतो. जीवनसत्त्व गेलं तळाच्या कागदावर.

फोलकटांवरून आणखी एक गोष्ट. वाटी भरलेली दिसते म्हणून खाणं आहे असं समजू नका. वाटीवर हलकी फुंकर मारा, फोलकटं उडाली की खाली किती दाणे उरलेत ते दिसेल. कधी कधी एकही नसतो.

मग गाठायचं कुठे? बहुतेक घरगुती पोपटांसाठी पेलेट साधारण ६० ते ७० टक्के, भाज्या पाव हिस्सा किंवा थोड्या जास्त, आणि उरलेल्या चिमूटभर जागेत बिया, अक्रोड-बदाम, फळं. डॉक्टरांप्रमाणे हे आकडे थोडे इकडचे तिकडे होतात. जातीप्रमाणेही होतात: लोरी मकरंदावर जगतो, त्याचं गणितच निराळं. मॅकॉला चरबी इतरांपेक्षा जास्त लागते. एक्लेक्टसला ताज्या खाण्याचा वाटा मोठा ठेवतात. तुमचा पक्षी यांपैकी असेल तर हे आकडे डोळे झाकून उचलू नका.

वाटीतून हातात

या सगळ्या प्रकरणात मला एकच युक्ती खरोखर महत्त्वाची वाटते. आवडत्या बिया बंद करायच्या नाहीत, त्यांची जागा बदलायची. मिश्रणातून सूर्यफुलाच्या बिया निवडून काढा आणि एका छोट्या डबीत भरा. वाटीत उरलेलं मिश्रण तसंच राहू द्या, म्हणजे पोट भरण्याची सोय गेली नाही. फक्त ती लाडकी बी आता वाटीत नाही, तुमच्या हातात आहे. नव्या पक्ष्याला तुमच्याजवळ यायला त्याहून मोठं कारण लागत नाही. आहारही सुधारतो आणि ओळखही वाढते. बिया एकदम बंद करणाऱ्यांना हे दोन्ही मिळत नाही, वर पोपटाच्या लेखी ते खलनायक ठरतात.

आता या बियांनी गाजर विकत घ्यायचं. ग्रे हा नव्या वस्तूला भिणारा पक्षी. तात्याच्या वाटीत गाजर टाकलं असतं तर तो त्या वाटीकडेच फिरकला नसता. म्हणून गाजराची कांडी पिंजऱ्याबाहेर टेबलावर ठेवली, लांब. तो मान वाकडी करून एका डोळ्याने बघायचा. बघितलं की एक बी. असं करत कांडी जवळ जवळ सरकली, शेवटी माझ्या हातात आली. चोच लागली की बी. चोचीत धरली की बी. मग एकदा त्याने ती पायात धरली, टोकाचा एक लचका तोडला, जिभेवर फिरवला आणि थुंकला. त्याबद्दलही बी मिळाली! गिळलं की नाही हे विचारायचं नाही. थुंकण्याआधी चव कळलेली असते, आणि पुढच्या वेळी तो तुकडा अनोळखी राहत नाही. या प्रकाराला काही दिवसही लागतील, काही महिनेही. घाई करून हाताला चावा ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

त्याच्यासमोर तुम्ही स्वतः खा. पोपट कळपात खाणारा प्राणी आहे, आणि आता त्याचा कळप तुम्हीच. मी गाजर कुडुमकुडुम आवाज करत खाते, त्याच्याकडे न बघता, अगदी वाटून घ्यायची इच्छा नसल्यासारखी. घरातले हसतात, हसू देत. फक्त आपल्या तोंडातला किंवा उष्टा तुकडा द्यायचा नाही. आपल्या लाळेतले जंतू पक्ष्याला बाधतात.

चिंगीचं वेगळं. कोकाटील जमिनीवर दाणे वेचणारा पक्षी. तिला पायात धरून खायची सवयच नाही, त्यामुळे कांडी दिली की ती नुसतीच त्यावरून चालत जायची. तिच्यासाठी गाजर, ब्रोकोलीचे तुरे, ढोबळी मिरची असं सगळं दाण्याएवढं बारीक चिरलं, त्यात तिचं रोजचं मिश्रण कालवलं आणि पसरट ताटलीत तळाशी ठेवलं. भाजी ओलसर असली की दाणे तिला चिकटतात. दाणा उचलायला गेली की चोचीला गाजर लागतंच. पहिले काही दिवस ती दर घासाला चोच झटकायची आणि भिंतीवर नारिंगी ठिपके. पुढे झटकणं कमी झालं. पालेभाजीचं तर पूर्ण पान धुऊन, तसंच निथळतं, पिंजऱ्याच्या छताला चिमट्याने लावलं. तिला वाटलं आंघोळीची सोय केलीय. अंग घासून झालं, पिसं फुलवून झाली, आणि मग सवडीने पानाची कड कुरतडायला लागली.

भाज्या निवडताना रंग बघा, गडद हिरवा आणि गडद नारिंगी-लाल. गाजर, रताळं, लाल भोपळा, लाल ढोबळी मिरची, ब्रोकोली, गडद पालेभाज्या. यांतून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. रताळं आणि भोपळा वाफवून, कोमट असतानाच द्या, बऱ्याच पक्ष्यांना ते कच्च्यापेक्षा आवडतं. काकडीत बहुतेक पाणीच, दिली तर गंमत म्हणून. पालकात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला अडवून ठेवतं, तेव्हा पालक रोज नको, इतर पाल्यांबरोबर अधूनमधून चालेल.

आणि तिखट मिरची जरूर देऊन बघा. आपल्याला मिरचीतल्या ज्या द्रव्याने आग होते ते पक्ष्यांच्या चेतातंतूंना जाणवतच नाही. लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर असतो. तात्या मिरची पायात धरून आधी उभी चिरतो, एकेक बी मोजल्यासारखी खातो, आणि साल शेवटी. तोपर्यंत त्याची चोच माझ्या गालाजवळ येऊ देत नाही मी. मिरची खाऊन त्याने मुका घेतला की आग मला होते.

वेळ कुठली? सकाळ. पक्षी रात्रभराचा भुकेला असतो, तेव्हा आधी ताजी ताटली, तास-दोन तासांनी ती काढून नेहमीचं खाणं. संध्याकाळी झोपण्यापूर्वी त्याचं पोट ओळखीच्या खाण्याने भरलेलं असलंच पाहिजे. ताजं खाणं दोन तासांहून जास्त ठेवू नका, उकाड्यात त्याहून लवकर उचला. पक्ष्याने शिवलंही नसेल तरी उद्या पुन्हा ठेवा. दहा वेळा दुर्लक्षित झालेली ब्रोकोली अकराव्यांदा चालून जाते.

पेलेटचं दुखणं

भाजी निदान खाण्यासारखी दिसते. पेलेट बियांवर वाढलेल्या पक्ष्याला खाणं वाटतच नाही, खडे वाटतात. "भूक लागली की खाईल" हा सल्ला पोपटाच्या बाबतीत धोक्याचा आहे. पेलेटने भरलेल्या वाटीशेजारी बसून तो खरोखर उपाशी मरू शकतो.

म्हणून आधी पेलेट कुटून पूड करा आणि ओलसर भाजीवर भुरभुरवा. ती पूड अंगवळणी पडली की भरड ठेवा, मग अख्खे. दुसरा मार्ग, कोमट पाण्यात भिजवून मऊ लगदा करून द्यायचा. भिजवलेलं लवकर आंबतं, तेव्हा तेही दोन तासांत उचला. दाण्यांच्या वाटीतही थोडे अख्खे पेलेट मिसळत राहा आणि त्यांचं प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवा. दाणे किती कमी करायचे ते काटा सांगेल, तारखा नाहीत. आकार लहान घ्या, मोठ्या पोपटालाही सुरुवातीला लहानच पेलेट उचलायला सोपे जातात.

तात्याने पेलेट पहिल्यांदा खाल्ले ते खेळता खेळता. कागदाच्या पुड्यांमध्ये एक अक्रोडाचा तुकडा आणि दोन पेलेट बांधून द्यायचे. पुडी फाडणं हा त्याचा जीव की प्राण. अक्रोड खाऊन झाल्यावर हातचं जाऊ द्यायला नको म्हणून असेल, पेलेटही कुरतडायला लागला. खरंच खाल्लं की नुसता चुरा केला, हे ओळखायला तळाशी पडलेली पूड पाहू नका. विष्ठा पाहा. पेलेट पोटात गेले की घट्ट भाग तपकिरीकडे झुकतो, रंगीत पेलेट असतील तर तो रंग दिसतो. बियांवरच्या पक्ष्याची विष्ठा हिरवी असते. ज्या सकाळी तो तपकिरी ठिपका दिसतो त्या सकाळी काय आनंद होतो, तो पक्षी न पाळणाऱ्याला समजावून सांगता येत नाही.

पेलेट नीट चालू झाले की वरून जीवनसत्त्वाची पूड किंवा थेंब घालू नका. अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो. पाण्यात औषधं मिसळणं तर मला मुळीच पटत नाही. चव बदलली की पक्षी पाणीच कमी पितो, वर त्या पाण्यात जंतू वाढतात. पाणी साधं, स्वच्छ, दिवसातून दोनदा बदललेलं.

बाकीचं थोडक्यात. फळ म्हणजे गोड खाऊ, दिवसाला एखाददुसरा तुकडा. सफरचंदाच्या बिया आणि पीच, चेरी, जर्दाळूच्या आठळ्या काढून टाका, त्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. डाळी-कडधान्यं नीट शिजवून द्या, राजम्यासारखी कोरडी कडधान्यं कच्ची मुळीच नाहीत. मोड आलेले दाणे उत्तम, पण वास आला किंवा बुळबुळीत झाले की फेकून द्या. शेंगदाण्यांवर बुरशीचं विष असण्याची भीती असते, ते माणसांच्या खाण्याच्या प्रतीचे, भाजलेले, बिनमिठाचे असले तरच. समुद्रफेणी पिंजऱ्यात अडकवून ठेवा, कॅल्शियमची सोय होते. ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नसतं. पिंजरा सावलीची जागा ठेवून थोडा वेळ मोकळ्या उन्हात ठेवा, तुम्ही तिथे असताना. वाळूचे खडे खाऊ घालू नका, पोपट बी सोलून खातो, त्याला ते लागत नाहीत. अंड्याचा उकडलेला तुकडा अधूनमधून चालतो, पण मादी अंधारे कोपरे शोधायला लागली, कागद फाडून घरटं मांडायला लागली, तर अंडं आणि कोमट मऊ खाणं थांबवा. भरपेट, मऊ, उबदार खाण्याने तिला वीण करायचा हंगाम आला असं वाटतं, आणि अंड्यांमागून अंडी घालण्यात तिच्या हाडांमधलं कॅल्शियम जातं.

काही गोष्टी मात्र कणभरही नाहीत. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा, लसूण, खारवलेलं काहीही. दूध पचत नाही. आणि भाजी उकडताना भांडं नॉनस्टिक असेल तर लक्ष ठेवा: ते रिकामं तापून त्याच्या लेपाचा धूर झाला तर त्याने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. तात्या-चिंगीसाठी मी स्टीलचंच पातेलं वापरते.

पाहुण्यांना हे सगळं पाठ नसतं. त्यांना पोपटाला काहीतरी भरवायचंच असतं, आणि नाही म्हटलं की चेहरे पडतात. त्यांच्यासाठी त्या दिवसाच्या बियांची डबी बाहेर काढून ठेवायची. चारच बिया असतात तिच्यात, बिस्किट आपोआप टळतं.

पिसं गळायचा काळ, आजारपण, प्रवास, पिंजऱ्याची जागा बदलणं, यांपैकी काही चालू असताना नवं काही सुरू करू नका. गरज पडली तर दोन पावलं मागे जा, जुने दाणे वाढवा. आणि पेलेट एकदा चालू झाले म्हणून एकाच कंपनीच्या भरवशावर बसू नका. तात्याचे पेलेट एकदा कुठेच मिळेनात, तेव्हापासून मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मिसळून देते. मोठी पिशवी स्वस्त पडते, पण उघडल्यावर तेल खवट होतं, म्हणून लहानच आणायची, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहायची.